बलोपासना आणि बाजार

एके काळी गावोगावच्या तालमींत दंड-बैठका, जोर आणि दूध-बदामाची थंडाई यांवर शरीरे घडत. आज तालुक्याच्या गावांतील व्यायामशाळांतही प्रथिनांच्या भुकटीचे डबे मांडलेले दिसतात. तरुण पिढी व्यायामाकडे वळते आहे, ही स्वागतार्हच गोष्ट. परंतु तिच्या बलोपासनेवर पोसला जाणारा बाजार तितकाच निर्मळ आहे काय?

२०२४ साली देशात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-भुकट्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. काहींत तर छापलेल्या प्रमाणाच्या निम्मीच प्रथिने होती. सुमारे १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष आढळले.

ही फसवणूक साधते कशी? प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्यास सामान्यतः ६.२५ ने गुणते. साहजिकच ग्लायसिन, टॉरिन असे स्वस्त पदार्थ मिसळले की आकडा फुगतो. स्नायूंच्या वाढीला चालना देणारे ल्युसिन मात्र वाढत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी हीच पळवाट वापरली आणि कोवळी बालके प्राणांस मुकली.

वस्तुतः परिणामकारक पूरक आहार सिद्ध करण्यात गूढ असे काही नाही. एका मात्रेत २० ते २५ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने, त्यांत अडीच ग्रॅमच्या आसपास ल्युसिन. स्नायूंची ताकद वाढवू पाहणाऱ्या निरोगी प्रौढासाठी हवे तर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट. भक्कम पुरावा आहे तो अशा मोजक्या घटकांनाच. वीस घटकांची नावे छापून एकाचेही प्रमाण न सांगणारे 'खास मिश्रण' हे शास्त्र नव्हे, ती झाकपाक आहे.

मुळात डबा हवाच कोणाला? राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली आहेत. नेटाने व्यायाम करणाऱ्यास याच्या दुप्पट लागली, तरी दूध, दही, डाळी, फुटाणे, शेंगदाणे, अंडी यांतून बरीचशी भागतात. भातात जे लायसिन कमी पडते ते डाळ पुरवते आणि डाळीतील मेथिओनिनची उणीव भात भरून काढतो. वरण-भाताचे हे शहाणपण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही स्नायू कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

खेळाडूंच्या बाबतीत तर धोका अधिक गंभीर. भेसळीतून निषिद्ध द्रव्य पोटात गेले, तरी उत्तेजकविरोधी नियमांनुसार जबाबदारी खेळाडूचीच ठरते. वर्षानुवर्षांची साधना एका चमच्यात मातीमोल होते.

अन्नसुरक्षा कायदा २००६ पासून आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. बाजारातून अचानक नमुने उचलावेत आणि निष्कर्ष कंपनीच्या नावासह जाहीर करावेत. व्यायामशाळाचालकांनी शिकवणी आणि विक्री यांची गल्लत थांबवावी. जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणाऱ्या या देशातील दूध संघांनी पनीरच्या निवळीतून स्वच्छ, तपासलेली भुकटी रास्त दरात द्यावी. आणि पालकांनी डब्याची किंमत विचारण्याआधी त्याचा तपासणी अहवाल मागावा. शरीर श्रमाने कमवावे लागते. ते विकत घ्यायला निघालेला बहुधा फसतोच.