ट्रम्पला गोदी कामगाराचा पुळका

१२ डिसेंबर २०२४ ला डोनाल्ड ट्रम्प नावाच्या अब्जाधीशाला गोदी कामगारांचा एकाएकी पुळका आला. पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनचा पुढारी हॅरॉल्ड डॅगेट त्याला भेटला आणि ट्रम्पनं जाहीर केलं की बंदरात बिनमाणसांची यंत्रं आणून जेवढा पैसा वाचतो, त्याच्या कितीतरी पट नुकसान अमेरिकन कामगाराचं होतं. परदेशी जहाज कंपन्यांनी पैसा यंत्रावर नाही, माणसावर खर्चावा.

वाक्य बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. प्रश्न एवढाच की ते ह्या तोंडातून का आलं.

आधी संपाचं सांगतो, कारण आपल्याकडच्या पेपरांनी त्याची बातमी शेअरबाजाराच्या पानावर टाकली. १ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मेनपासून टेक्सासपर्यंत सगळा किनारा बंद पडला. सुमारे पंचेचाळीस हजार माणसं गेटाबाहेर. एवढा मोठा, अख्ख्या किनाऱ्याचा संप १९७७ नंतर पहिल्यांदा. तीन दिवसांत मालक वाकले. सहा वर्षांत ६२ टक्के वाढ, वरच्या श्रेणीचा मूळ दर तासाला ३९ डॉलरवरून ६३ डॉलर. यंत्रांचा मुद्दा पुढं ढकलला, तो ८ जानेवारी २०२५ ला मिटला. पूर्ण स्वयंचलित यंत्र नाही, आणि अर्धवट स्वयंचलित आणायचं तर माणसाची नोकरी राखून.

आता तिथल्या पांढरपेशांचं रडगाणं काय? तर हे लोडर लोक कॉलेजातल्या प्रोफेसरपेक्षा जास्त कमावतात, ह्यांना कसला संप पाहिजे. अगदी आपल्या चाळीतल्या बाबूसारखं. महारोगी हात लावल्यासारखं तोंड करून म्हणतात, हमाल आणि एवढा पगार? अरे, जहाज कंपन्यांनी कोरोनाच्या साथीत एका पेटीचं भाडं कितीपट केलं तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. हमालाचा खिसा जरा फुगला की सगळ्या देशाची अर्थव्यवस्था धोक्यात येते. अंगमेहनतीचं काम करणारा गरीबच असला पाहिजे, हा मनू तिकडं इंग्रजीत बोलतो एवढंच.

यंत्राचं भय ह्या लोकांना उगाच नाही. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्यानं न्यूअर्कहून ह्यूस्टनला एक जुनं तेलजहाज पाठवलं, त्याच्या डेकवर ५८ पेट्या. आज ज्याला आपण कंटेनर म्हणतो, डबा म्हणतो, तो तिथून सुरू झाला. सुटा माल चढवायला टनामागं जवळजवळ सहा डॉलर लागायचे, पेटीत तेच काम सोळा सेंटांच्या आत. जो पैसा वाचला तो कुणाच्या पाठीवरून वाचला? तर जहाजाच्या पोटात उतरून गोण्या, पिंपं, गाठी उचलणाऱ्या टोळीच्या. आणि पोटात कोण होतं? वरचं, हलकं, हिशेबाचं काम गोऱ्यांकडं आणि खालचं, घामाचं, धुळीचं काम काळ्यांकडं, ही वाटणी अमेरिकेतल्या कितीतरी बंदरांत होती. बाल्टिमोरमध्ये तर एकाच युनियनची काळ्यांची शाखा वेगळी, गोऱ्यांची वेगळी. १९७० च्या दशकात कोर्टानं कान धरला तेव्हा एक केल्या. म्हणजे यंत्र आलं तेव्हा ते रंग बघून आलं नाही, पण ज्या जागी पडलं त्या जागी कुणाला उभं केलंय हे आधीच ठरलेलं होतं. कुठल्या जातीच्या माणसाला गटारात उतरवतात हे मी ह्या मासिकाच्या वाचकांना समजावत बसत नाही.

दोस्तहो, ट्रम्पचा पुळका जोखायचा तर चार्ल्सटनची गोष्ट माहीत पाहिजे. साउथ कॅरोलायनातलं हे बंदर. गुलामांची जहाजं जिथं रिकामी झाली तेच. तिथल्या लोडरांची शाखा जवळपास सगळी काळ्यांची, तिचा तेव्हाचा अध्यक्ष केन रायली. १७ जानेवारी २००० ला चाळीस हजारांवर माणसं राज्याच्या राजधानीत चालत गेली, विधानभवनावरचा गुलामगिरीवाल्यांचा झेंडा उतरवा म्हणून. त्यांत हे गोदी कामगारही होते. तीनच दिवसांनी नॉर्डाना कंपनीचं जहाज धक्क्याला लागलं, बिगरयुनियन माणसं लावून माल उतरवायला. निषेध करायला गेले तर समोर सुमारे सहाशे पोलीस. लाठी, अश्रुधूर, घोडे, हेलिकॉप्टर. शंभर-दीडशे लोडर, त्यांच्यासाठी एवढी फौज!

पाच जणांवर दंगलीचा गंभीर गुन्हा. चार काळे, एक गोरा. जवळजवळ दोन वर्षं त्यांना संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत घरात कोंडून ठेवलं. पाळीला नाहीतर युनियनच्या मीटिंगलाच तेवढं सोडायचे. तिथल्या अॅटर्नी जनरलला त्यातून निवडणुकीची हवा करायची होती, कामगाराला धडा शिकवणारा मर्द म्हणून. पण हिशेब चुकला. स्पेनमधल्या गोदी कामगारांनी त्याच कंपनीच्या जहाजाला हात लावायला नकार दिला. कंपनी मुकाट्यानं युनियनकडं परत आली. पश्चिम किनाऱ्याच्या युनियननं पैसा उभा केला, सभा घेतल्या, खटला उभा राहील त्या दिवशी बंदरं बंद ठेवायची तयारी केली. नोव्हेंबर २००१ मध्ये गंभीर गुन्हा मागं, शंभर-शंभर डॉलर दंडावर पाचही मोकळे.

पश्चिम किनाऱ्याचं नाव आलं तर तिथंही थांबतो. १९३४ च्या आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत सकाळी नाका भरायचा, हुबेहूब आपल्या नाक्यासारखा. मुकादम येणार, बोट दाखवणार, ज्याच्याकडं बोट तो आज जेवणार. बाटली, नोटा, सगळं मुकादमाच्या खिशात. ५ जुलै १९३४ ला पोलिसांनी गोळी घातली, दोघं गेले, आणि नंतर अख्खं शहर बंद पडलं. त्यातून मिळालं काय? पाळी वाटायची खोली युनियनच्या ताब्यात. साधी गोष्ट वाटते. पण मुकादमाचं बोट गेलं की माणसाचा रंग बघणारं बोटही जातं, निदान आखडतं. हॅरी ब्रिजेसनं संपाच्या वेळी काळ्यांच्या चर्चात जाऊन सांगितलं होतं की संपफोडे होऊ नका, युनियनमध्ये तुम्हाला जागा देतो. पुढं ह्याच शाखेनं १९६७ मध्ये मार्टिन ल्युथर किंगला मानद सभासद केलं, १९८४ मध्ये नेडलॉईड किंबर्ली जहाजातला दक्षिण आफ्रिकेचा माल अकरा दिवस उतरवला नाही, आणि १९ जून २०२० ला जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर त्यांच्या युनियननं किनाऱ्यावरची २९ बंदरं बंद ठेवली. कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला जळायला होतं. आपण वर्णद्वेषावर कविता वाचतो, त्यांनी हूक खाली ठेवला.

आता ट्रम्प. डिसेंबरात पाठ थोपटली. २७ जानेवारी २०२५ ला, गादीवर बसून आठवडा होतो न होतो तोच, कामगार-मालक तंटे बघणाऱ्या राष्ट्रीय मंडळावरून ग्विन विल्कॉक्स बाईंना काढलं. त्या मंडळाच्या इतिहासातली पहिली काळी स्त्री सदस्य. पाच जणांच्या मंडळावर दोघंच उरले. निकाल द्यायला तिघं लागतात, म्हणजे कामगाराची तक्रार महिनोन्महिने फाईलीत पडून राहिली. २७ मार्चला एक हुकूम काढून लाखो केंद्र सरकारी नोकरांचा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क उडवला, राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली. मग एप्रिलपासून आयातकराचा खेळ. मालावर कर लावला की पेट्या कमी येतात, पेट्या कमी की पाळ्या कमी. त्याच मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या बंदरातली पेट्यांची संख्या घसरली आणि ज्यांची नावं यादीत खाली त्यांना कामच नाही. भारतीय मालावर २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के कर बसला तेव्हा आपल्या टीव्हीवाल्यांनी मोदी-ट्रम्प दोस्तीचं काय झालं ह्यावर तासन्‌तास किंचाळून घेतलं. पेटी रिकामी परतली की रोजंदारीवाल्याचं काय, ह्यावर एक मिनिट नाही.

म्हणजे पुळका कशाचा? मालक परदेशी आहेत म्हणून. जहाज कंपन्या डेन्मार्कच्या, स्वित्झर्लंडच्या, चीनच्या. परदेशी मालकाला शिवी देताना कामगार बाजूला उभा करायला बरा. देशी मालकाच्या कारखान्यात तोच कामगार संपावर गेला की देशद्रोही. हा डाव आपल्या ओळखीचा नाही असं कोण म्हणेल?

डॅगेटचंही कौतुक मला नाही. २०२३ मध्ये युनियनकडून सात लाख डॉलरच्या वर पगार घेणारा पुढारी, शेजारच्या खुर्चीत पोरगा. घराणेशाही काय फक्त दिल्लीलाच असते? पण पंचेचाळीस हजार माणसं तीन रात्री गेटावर बसली म्हणून ६२ टक्के मिळाले. त्यात ट्रम्पचा हात नाही, तो तर तेव्हा निवडूनही आला नव्हता.

मी न्हाव्याशेव्याकडच्या एका यार्डात ठेकेदाराकडं आहे. कार्डावरचं नाव वर्षात दोनदा बदललं, काम तेच, डबा तोच. मुंबईच्या गोदीत १९४८ च्या कायद्यानं हजेरी, पाळी, किमान हमी असं काहीतरी मिळालं होतं, म्हातारे लोक अजून सांगतात. पेटी आली, बंदर खाडीपलीकडं गेलं आणि ती हमी इकडच्या काठावरच राहिली. चार्ल्सटनमधल्या लोडराची पेटी आणि माझी पेटी एकाच जहाजातून येते. तिच्यावर त्याच कंपनीचं नाव, तोच रंग. त्याला तासाला मिळतात त्यात माझे तीन-चार दिवस जातात.

३० ऑगस्ट २०२४ ला वाढवणला बंदराचा पाया घातला, मोदींच्या हातानं. आदिवासी आणि मच्छिमार तिथं वर्षानुवर्षं लढतायत. त्यांच्या बाजूनं उभं राहायचं की नाही हा आपल्यासाठी प्रश्नच नाही. पण आपल्यातली जी पोरं म्हणतायत की बंदर झालं तर नोकऱ्या येतील, त्यांनी एक गोष्ट विचारावी. क्रेनवर माणूस बसणार का, बसला तर कुणाच्या हजेरीवर बसणार, आणि हे कुठल्या कागदावर लिहिलंय? अमेरिकेतल्या लोडरांनी ते कागदावर लिहून घेतलंय, ३० सप्टेंबर २०३० पर्यंत. त्यानंतर त्यांनाही पुन्हा गेटावर यावं लागेल.