नुकसान मोजणारी माणसे

पैनगंगेला पूर आला की तिच्या दोन्ही तीरांवरील कापूस सारखाच पाण्याखाली जातो. एका तीरावर महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा, दुसऱ्यावर तेलंगणाचा आदिलाबाद. जमीन तीच काळी, पीक तेच, आणि दोहोंकडील कित्येक घरांतली बोलीही मराठीच. नदी राज्याची सीमा मानीत नाही. विमा मात्र मानतो. २०२० मध्ये तेलंगण सरकारने प्रधानमंत्री पीक विमा योजनेतून अंग काढून घेतले आणि पैलतीरावरील शेतकऱ्यास जो दावा करता येत होता, तो आदिलाबादच्या शेतकऱ्यास करता येईनासा झाला. पुढे महाराष्ट्राने २०२३ मध्ये अवघ्या एका रुपयात पीक विमा देऊ केला आणि बनावट अर्जांचा बोभाटा झाल्यावर २०२५ मध्ये ती सवलत मागे घेतली. दरम्यान २०२४ मध्ये तेलंगणानेही योजनेत परतण्याचा निर्णय जाहीर केला. धोरणांचे हे हेलकावे पाहिले की एक प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. योजना येतात नि जातात. पण विम्याचे मर्म जाणणारी माणसे गावाजवळ कधी येणार?

तेलंगणाने विम्याकडे पाठच फिरवली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ पासून तेथे 'रयतु विमा' योजना आहे. अठरा ते एकोणसाठ वर्षे वयाचा शेतकरी दगावल्यास त्याच्या कुटुंबास आयुर्विमा महामंडळाकडून पाच लाख रुपये मिळतात आणि हप्ता सरकार भरते. ही योजना स्तुत्यच आहे. परंतु शेतकरी गेल्यावर त्याच्या घराला हक्काने मिळणारा आधार, पीक गेल्यावर त्या शेतकऱ्यास हक्काने मिळू नये, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. सरकारी मदत ही मर्जीची गोष्ट असते. विम्याची भरपाई हा करार असतो.

या कराराची आजची घडी बसविण्यात एका मराठी अर्थशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे, याचे स्मरण येथे उचित ठरेल. प्रत्येक शेताचे नुकसान स्वतंत्रपणे मोजणे अशक्यप्राय आहे. तेव्हा एका क्षेत्राची सरासरी उपज धरून भरपाई ठरवावी, असा विचार प्रा. वि. म. दांडेकर यांनी सत्तरच्या दशकात मांडला. १९७९ मध्ये त्या धर्तीवर प्रायोगिक योजना सुरू झाली. एकरी दहा क्विंटलांची उंबरठा उपज असताना सरासरी सहाच क्विंटल आली, तर विमा रकमेच्या चाळीस टक्के भरपाई, असे हे सरळ गणित आहे. पण ते सहा क्विंटल खरे आहेत की नाहीत, हे पीक कापणीच्या प्रयोगावर अवलंबून असते. तो प्रयोग करणारा हात बेफिकीर असेल, तर सारा हिशेबच खोटा ठरतो. गारपिटीने किंवा ओढ्याच्या पुराने एकट्याचेच शेत गेले, तर बहात्तर तासांत सूचना देण्याची अट असते. हे कोणी समजावून सांगितलेलेच नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

हवामान बदलत असताना हे काम अधिकच अवघड होणार आहे. मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या, असा निष्कर्ष पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील २०१७ च्या अभ्यासाने काढला आहे. गेल्या पिढीच्या सरासरीवर उद्याचा हप्ता ठरविता येणार नाही. त्यासाठी जोखीम मांडणारे विमागणिती हवेत, पर्जन्यमापकाची नोंद पारखणारे हवेत, शेताच्या बांधावर जाणारे नुकसान-सर्वेक्षक हवेत आणि दाव्याचा कागद शेतकऱ्याच्या भाषेत वाचून दाखविणारे प्रतिनिधी हवेत.

आपल्याकडे विम्याची नोकरी म्हणजे ओळखीपाळखीच्या घरांचे उंबरे झिजविणे, असा समज रूढ आहे. तो सोडावयास हवा. कृषी पदविकाधारक, संख्याशास्त्राचे विद्यार्थी, बचत गटांतील भगिनी, या सर्वांना येथे सन्मानाचे आणि लोकोपयोगी काम आहे. विमा नियामक प्राधिकरणाचे मुख्यालय तेलंगणाच्याच राजधानीत, हैदराबादेत आहे. १९८० मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय विमा अकादमी पुण्यास आहे. या संस्थांचे ज्ञान आदिलाबादच्या महाविद्यालयांपर्यंत का पोहोचू नये? तेथील तरुणास मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा भाषांतून शेतकऱ्याशी बोलता येते. शहरातून चार दिवसांसाठी आलेल्या कर्मचाऱ्यापाशी हे भांडवल कोठून असणार?

विम्याने पाऊस थांबत नाही आणि पूर ओसरत नाही, हे आम्ही जाणतो. जोखीम वाढेल तसा हप्ताही वाढेल आणि त्याचा भार कोणी उचलावयाचा, हा वाद सुटलेला नाही. तथापि मोजणी प्रामाणिक असेल तरच तो वाद तरी नीट घालता येईल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमच्या किनाऱ्यास जो तडाखा दिला, त्यानंतर आम्हीही पंचनाम्यांचीच वाट पाहिली होती. तेव्हा आदिलाबादचा प्रश्न आम्हांस परका नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय आता तरी मोडावी. पुढील पूर येण्यापूर्वी त्याचे नुकसान चोख मोजणारी माणसे तयार असावीत, एवढीच आमची मागणी आहे.