तारखेची तलवार

‘छावा’ हा हिंदी चित्रपट २०२५ साली १४ फेब्रुवारीला प्रदर्शित झाला आणि शिवजयंती आली १९ फेब्रुवारीला. मध्ये दिवस उरले पाच. पडद्यावर दिसली तशीच तलवार, तशीच ढाल आपल्या मिरवणुकीत असावी असे पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या मंडळाला वाटले, तर त्यात नवल काहीच नाही. पण पाच दिवसांत तशी तलवार बनते का? बनत नाही. तरीही ती मिळते. बाजारात पैसे मोजले की सगळे मिळते. प्रश्न एवढाच, की जे मिळते ते काय असते?

वरवर पाहता हा हौसेचा विषय आहे. घरातल्या दिवाणखान्यात वाघनख्यांची चौकट, लग्नात नवरदेवाच्या हाती तलवार, शाळेच्या स्नेहसंमेलनात अफझलखानवधाचा प्रवेश. या सगळ्याला लागणाऱ्या प्रतिकृतींचा मोठा धंदा गेल्या काही वर्षांत उभा राहिला आहे. आगाऊ रक्कम भरायची, वाट पाहायची, तारीख उलटून गेल्यावर खोके यायचे आणि उघडल्यावर हिरमोड व्हायचा, हा अनुभवही घरोघरी ओळखीचा झाला आहे. माल उशिरा येतो तो का, आणि उशिरा येऊनही बरा का नसतो, हे जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे.

आधी ‘हुबेहूब’ या शब्दाचा निकाल लावू. हुबेहूब म्हणजे कशासारखे? इतिहासातल्या वस्तूसारखे, की चित्रपटातल्या? गिऱ्हाईक ‘ओरिजिनल’ म्हणते तेव्हा त्याच्या मनात बहुधा दुसरेच असते. आणि चित्रपटातली वस्तू तरी एक कुठे असते? नायकाच्या हाती, अगदी जवळून टिपायची म्हणून एक धातूची, नक्षीकाम केलेली तलवार. हाणामारीसाठी रबराची किंवा ॲल्युमिनियमची. मागे उभ्या असलेल्या शे-दोनशे मावळ्यांसाठी फायबरची. पडद्यावर त्या सगळ्या एकच भासतात. तेव्हा ‘चित्रपटातल्यासारखी’ म्हणून मागणी नोंदवणाऱ्याला यांपैकी कोणती मिळेल, हे त्याने विचारलेले नसते आणि कारागीर आपणहून सांगत नाही.

परदेशातली कथाही वेगळी नाही. ‘स्टार वॉर्स’ या १९७७ च्या अमेरिकन चित्रपटातली ती प्रकाशाची तलवार आठवते? तिची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा होता. लंडनमध्ये जुन्या छायाचित्रण-साहित्यात तो सापडला, त्याला पट्ट्या चिकटवल्या आणि काम भागले. त्या भंगारातल्या दांड्याची मिलिमीटरपर्यंत अचूक नक्कल करण्यात पुढे हौशी मंडळींची वर्षे गेली! ‘विझार्ड ऑफ ऑझ’ या १९३९ च्या चित्रपटातल्या लाल चपलांचा एक जोड २००५ साली संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ साली सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात शुल्कासह सव्वातीन कोटी डॉलरला गेला. नाटकी वस्तूलाही असा ‘अस्सल’पणा चिकटतो तो असा.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीन वर्षांच्या बोलीवर. ती साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या घराण्यात गेलेली. पण शिवछत्रपतींनी वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते आणि आपल्याकडच्या काही इतिहास-अभ्यासकांनी तर ती नव्हेतच असे जाहीरपणे म्हटले. म्हणजे मुळाबद्दलच जिथे वाद, तिथे नकलेला ‘शंभर टक्के अचूक’ म्हणून प्रमाणपत्र कोण देणार? अशी प्रमाणपत्रे मात्र खोक्यात सापडतात. सोनेरी अक्षरांत छापलेली!

फाळक्यांच्या जिल्ह्यात

नाशिक जिल्ह्याला हे शिकवायला बाहेरच्या कुणाची गरज नसावी. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपट काढण्यापूर्वी काय करीत होते? अहमदाबादच्या १८९२ सालच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले ते आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल. भारतीय चित्रपटाचा जनक आधी प्रतिकृतीकार होता. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चित्रीकरणासाठी त्यांची मंडळी ढाली-तलवारी-भाले घेऊन वांगणीला उतरली, तेव्हा गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि सगळ्यांना पोलिसांनी अडकवून ठेवले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. प्रतिकृतीला याहून चांगली पावती ती कोणती? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तला (१९२०) कीचकवध इतका खरा वाटला, की सरकारने त्याला कात्री लावली.

या दोघांचे साधन तोकडे होते, पण एक गोष्ट त्यांच्या हाती होती. वस्तू बनवणारा, ती वापरणारा आणि ती बरी की वाईट हे ठरवणारा माणूस एकाच आवारात होता. मूठ सैल वाटली तर ती त्याच दिवशी परत सुताराच्या हाती जायची. आज मागणी नोंदवणारा पिंपळगावात, जाहिरात करणारा मुंबईत, ओतकाम करणारा तिसऱ्या गावी आणि मुलामा देणारा चौथ्या. दर्जा तपासायचा कुणी, हे कोणीच ठरवलेले नसते.

उशीर कुठे होतो?

एका पितळी मुठीचा प्रवास पाहा. आधी मूळ नमुना हवा. तो मिळाला की मापे, मग साचा, मग ओतकाम, घासकाम, नक्षी, मुलामा, पात्याशी जोडणी. यातला प्रत्येक टप्पा आपला वेळ घेतोच. फायबरचे काम असेल तर राळ आणि तिच्यात घालायचे घट्ट करणारे द्रव्य यांचे प्रमाण हवेच्या उष्णतेप्रमाणे सांभाळावे लागते. गारठ्यात ती लवकर घट्ट होत नाही, पावसाळी दमट हवेत पृष्ठभाग चिकट राहतो. घाई करून द्रव्य जास्त घातले तर ती तापते आणि तडकते. मुलाम्याचा कारखाना दहा-वीस मुठींसाठी आपली टाकी चालू करीत नाही. शंभर-दोनशे जमेपर्यंत तुमची मूठ कोपऱ्यात पडून राहते.

आणि सर्वांत मोठी गोम ओतकामात. धातू थंड होताना आकसतो. पितळ साधारण दीड ते दोन टक्के आकसते. म्हणून जाणता ओतारी मूळ लाकडी नमुनाच तेवढा मोठा करतो. पण ज्याच्याकडे मूळ नमुना नाही तो काय करतो? बाजारातली तयार मूठ आणतो, तिच्यावरूनच साचा घेतो. सोळा सेंटिमीटरची मूठ मग सुमारे अडीच मिलिमीटरने लहान होते. त्या नकलेवरून तिसरा कोणी साचा घेतो, तेव्हा जवळजवळ पाच मिलिमीटर कमी झालेले असतात, नक्षी बोथट झालेली असते आणि पाते मुठीत बसत नाही. मग पात्याला कानशीने घासा, नाहीतर फट बुजवा. गिऱ्हाईकाला वाटते, कारागीर बेपर्वा आहे. खरे तर तो नकलेच्या नकलेची नक्कल विकत असतो, आणि कित्येकदा त्यालाही ते ठाऊक नसते.

उशिराचे दुसरे कारण पैशांत आहे. या धंद्यातल्या बहुतेक लहान माणसांना बँक दारात उभी करीत नाही. भांडवल म्हणजे गिऱ्हाईकांच्या आगाऊ रकमा. नव्या मागणीच्या आगाऊ रकमेतून जुन्या मागणीचे पितळ यायचे. मागण्या वाढत्या आहेत तोवर गाडा चालतो; एक महिना मंदीचा आला की मागच्या रांगेतले सगळे अडकतात. यात प्रत्येक जण लबाड असतोच असे नाही. पण तुम्ही भरलेले पैसे तुमच्या तलवारीत गेलेले नसतात, एवढे ध्यानात ठेवावे.

वजनाची गोष्ट तर मजेशीरच आहे. पूर्वीच्या वीरांच्या तलवारी मणभर वजनाच्या होत्या, अशी आपली बालपणापासूनची समजूत. प्रत्यक्षात हाताने चालवायची तलवार साधारण एक ते दीड किलोची. दिवसभर चालवायची असते ती! पण हातात घेतल्यावर ‘भारदस्त’ लागली नाही तर गिऱ्हाईक नाक मुरडते. म्हणून कारागीर पाते जाड करतो. अचूकपणाचा बळी अशा वेळी आपणच घेतलेला असतो.

इथवर सारे हौसेचे. आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. पात्याची शेपटी मुठीत कशी बसवली आहे, यावर तलवारीचा भरवसा असतो. जुन्या तलवारींत मुठीच्या पोकळीत लाख-राळ ओतून पाते पक्के करीत. सरळ, लांब पात्याच्या फिरंगीला मुठीकडून दोन्ही अंगांनी पट्ट्या येऊन रिवेट मारलेले असत. भिंतीवर टांगण्यासाठी बनवलेल्या स्वस्त मालात मात्र चकचकीत पोलादी पात्याला खाली बारीकसा आटे पाडलेला गज डाग देऊन जोडतात आणि वर नट आवळतात. टांगायला हे चालते. फिरवायला चालत नाही. झटक्यासरशी तो डाग तुटला, तर मूठ हातात राहते आणि पाते गर्दीत जाते. मिरवणुकीत दांडपट्टा आणि तलवारीचे हात करणारी मुले-मुली बारा-पंधरा वर्षांची असतात, आणि त्यांच्याभोवतीचे कडे त्यांच्या भावंडांचे, आयांचे असते. तलवार ‘शोभेची’ की ‘चालवायची’, हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नसते. त्या सोनेरी प्रमाणपत्रावरही नाही.

घाईची परिणती किती मोठी होऊ शकते, हे मालवणने दाखवले. राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही नाहीत. आपण मान्यता दिली ती सहा फुटी नमुन्याला, असे कला संचालनालयाकडून तेव्हा सांगण्यात आले. सहा फुटांचे पस्तीस फूट म्हणजे उंची सहापट. पण वारा झेलणारे अंग पस्तीसपटीच्या घरात जाते आणि त्याच घडणीत वजन दोनशेपटीच्या आसपास. लहान नमुना डौलदार दिसतो म्हणून मोठा उभा राहील, असे नव्हे. चौकशीत गंज, सदोष जोडकाम, सांगाड्याची चुकलेली रचना ही कारणे पुढे आली. त्या जागी पुढे ६० फुटी पुतळा उभा राहिला तो ११ मे २०२५ रोजी, राम सुतारांच्या कार्यशाळेकडून. सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. पिंपळगावहून आग्रा रस्त्याने उत्तरेला गेले की धुळेच लागते.

उशीर सगळाच वाईट, असे मात्र म्हणवत नाही. पिंपळगावपासून जवळच ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. ‘तेजस’च्या सुधारित ८३ विमानांची मागणी फेब्रुवारी २०२१ मध्ये नोंदवली गेली, पुरवठा मार्च २०२४ पासून सुरू व्हायचा होता. अमेरिकेहून इंजिने वेळेत आली नाहीत, तारीख हुकली, टीका झाली. ओझरमध्ये बनलेले पहिले विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले. उशीर खटकणाराच; पण मिळेल ते इंजिन बसवून तारीख गाठा, असे कुणी म्हणाले नाही. विमानाला जे लावतो ते माप मुलाच्या हातातल्या तलवारीला लावायला काय हरकत आहे?

शिवाय हा द्राक्षांचा मुलूख. छाटणीपासून दिवस भरल्याशिवाय आणि गोडी उतरल्याशिवाय घड तोडायचा नाही, हे इथे पोरालाही कळते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या संजीवकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला म्हणून युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची वर्षाची कमाई बंदरावर अडकली. माल बोटीत चढल्यावर तपासून उपयोग नसतो, तपासणी बागेतच व्हावी लागते, हे त्या वर्षी कुणाला समजावून सांगावे लागले नाही. तेच शेतकरी मंडळाच्या वर्गणीतून वीस तलवारी मागवताना एकही नमुना हातात न घेता पूर्ण रक्कम भरतात, हे कोडे आहे.

कायद्याचे दोन शब्द. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणून मागणी नोंदवताना धार नको, टोक बोथट हवे, हे लेखी घालावे आणि मिरवणुकीपूर्वी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. फसगत झाली तर विक्रेता कुठल्याही गावचा असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे नाशिकलाच, करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र त्यासाठी पावती लागते, आणि पावतीवर ‘शिवकालीन तलवार, १ नग’ एवढेच लिहिलेले असेल तर आयोगापुढे सिद्ध काय करणार? पात्याचा धातू, लांबी, वजन, शेपटीची जोडणी आणि पोचवण्याची तारीख या पाच गोष्टी पावतीवर हव्यात.

तारखेचे म्हणाल तर तिथीने शिवजयंती करणाऱ्यांना थोडी सवड मिळते. २०२५ साली ती १७ मार्चला होती. पण खरा हिशेब दसऱ्यापासूनच मांडायला हवा. शस्त्रपूजनाला जुन्या तलवारी बाहेर काढाल तेव्हाच प्रत्येकीची मूठ घट्ट धरून पाते हलते का ते पाहावे, हलणाऱ्या बाजूला ठेवाव्यात आणि नवीन हव्या असतील तर त्याच आठवड्यात एकच नग मागवावा. तो हातात आला, पसंत पडला, तर बाकीचे एकोणीस.