संसाराच्या पावत्या

अग्नीच्या साक्षीने सप्तपदी झाली की विवाह पूर्ण झाला, असे आपले धर्मशास्त्र सांगते. परदेशी वकिलातीच्या टेबलावर मात्र तो तेवढ्याने पूर्ण होत नाही. नवरा परदेशी आणि बायको गावी, अशा जोडप्याने एकत्र राहण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला, की विवाहनोंदणीचा दाखला हा फक्त पहिला कागद ठरतो. आपण खरोखरच पती-पत्नी म्हणून राहिलो आहोत आणि पुढेही राहणार आहोत, हे त्यानंतर सिद्ध करावे लागते. ज्यांनी आपल्या संसाराची वाच्यता कधी शेजाऱ्यापाशीही केली नाही, त्यांच्यावर तो संसार कागदांच्या गठ्ठ्यात बांधून परक्या अधिकाऱ्यापुढे ठेवण्याची पाळी येते.

गोमंतकाला हा प्रश्न परका नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाची वाट मिळाली. त्या पासपोर्टावर अनेकजण स्विंडनला, साऊथॉलला गेले. युरोपीय संघाच्या मुक्तसंचाराच्या नियमांखाली त्यांना पत्नीला नेणे फारसे जड जात नसे. ब्रिटन संघाबाहेर पडले आणि २०२० च्या ३१ डिसेंबरला ती सोय आटोपली. त्यानंतर ज्यांची लग्ने झाली, त्यांना सामान्यतः ब्रिटनचाच कायदा लागू झाला. त्या कायद्याने २०१२ साली घातलेली वार्षिक १८,६०० पौंड मिळकतीची अट ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंडांवर नेण्यात आली. कारखान्यात पाळीवर राबणाऱ्याला ही रक्कम डोंगराएवढी वाटावी यात नवल नाही. पण पैशाचा अडसर निदान आकड्यांत तरी सांगता येतो. सहवास कोणत्या आकड्यात सांगावयाचा?

ब्रिटिश गृहखात्याने त्याचेही माप काढलेले आहे. प्रथम मिळणारी परवानगी दोन वर्षे नऊ महिन्यांची. ती वाढवून घेताना गेल्या दोन वर्षांत एकाच पत्त्यावर आलेली सहा पत्रे दाखवावी लागतात. ती किमान तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली हवीत आणि त्यांच्या तारखा दोन वर्षांत विखुरलेल्या असाव्यात. पत्रांवर दोघांची नावे एकत्र नसतील, तर प्रत्येकाने आपापली पत्रे वेगळी जोडावीत. वीज, पाणी, बँक, नगरपालिकेचा कर, दवाखाना यांच्याकडून येणाऱ्या कागदांना येथे मोल आहे. अमेरिकेने १९८६ साली खास कायदा करून नवपरिणीत जोडप्याला आधी दोन वर्षांचाच सशर्त परवाना द्यावयाचे ठरवले. ती शर्त काढून घेण्यासाठी सामायिक खाते, घरभाड्याचा करार, एकत्र भरलेले करपत्रक असे सारे पुन्हा मांडावे लागते. संशय आलाच, तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण निजतो, येथपर्यंत प्रश्न जातात.

लुटुपुटीची लग्ने होतात, पैसे मोजून होतात, आणि ती ओळखण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्राला आहे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु या अधिकाराचा इतिहास स्वच्छ नाही. १९७९ साली हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यपरीक्षा घेण्यात आली. बोभाटा झाला तेव्हा तो प्रकार बंद पडला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करावे, असा नियमही त्या देशात होता. तो १९९७ साली रद्द झाला. मनातला हेतू नाही हे सिद्ध करण्याची विद्या कोणत्या विद्यापीठात शिकवतात, हे त्या नियमाच्या कर्त्यांनाच ठाऊक! त्या मानाने आजची सहा पत्रे सुसह्य म्हणावी लागतील.

तथापि या मापाखाली एक गृहीतक दडलेले आहे. घर म्हणजे दोन माणसे, एक भाडेपट्टी आणि दारात दोघांच्या नावाची टपालपेटी. आमचे घर असे नसते. घरपट्टी आजोबांच्या नावे, वीजबिल थोरल्या काकांच्या नावे, तेही काका जाऊन दहा वर्षे झाली तरी. सून घरात येते ती सासूच्या हाताखाली, आणि नवरा बोटीवर किंवा आखातात असला तर वर्षातील बरेच महिने ती सासरी त्याच्याविना नांदते. त्यात लग्नात नाव बदलण्याची चाल. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, विवाहाच्या दाखल्यावर दुसरे, आधारपत्रावर तिसरेच. चतुर्थीला माटोळीखाली सारे कुटुंब उभे राहून छायाचित्र काढते, पण त्यात नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला. हे आपले शालीन वळण परक्या अधिकाऱ्याला दुरावा वाटला, तर त्याला हसावे की रडावे?

मात्र सारा दोष त्या अधिकाऱ्याच्या माथी मारून आम्हांला मोकळे होता येणार नाही. ज्या समान नागरी संहितेचा आम्ही अभिमान मिरवतो, तिच्यानुसार वेगळा करार नसेल तर पत्नी संपत्तीची अर्धी वाटेकरी असते. घर विकावयाचे तर तिच्या सहीवाचून खरेदीखत होत नाही. पण त्याच घरात ती राहते, हे सांगणारा एक साधा कागद तिच्या नावाचा नसतो. घर विकताना ती हवी, घरात नांदताना तिची नोंद नको, ही रीत लंडनहून आलेली नाही.

विवाहनोंदणीचीही तीच कथा. नागरी निबंधकापुढे आधी इराद्याची सही, मग मुदतीनंतर साक्षीदारांसह दुसरी सही, तेव्हा विवाह कायद्याने पुरा होतो. पहिली सही झाली, भटजींनी मंगलाष्टके म्हटली, जेवणावळी उठल्या, आणि दुसऱ्या सहीचा सर्वांनाच विसर पडला, अशी उदाहरणे आमच्या हिंदू समाजात थोडी नाहीत. व्हिसाच्या वेळी हे उघडकीस आले तर विलंबावर भागते; नवऱ्याने पाठ फिरवल्यावर उघडकीस आले, तर त्या स्त्रीच्या पायाखालची जमीन जाते.

अशा अडचणीत दलालांचे फावते. जुन्या तारखांचे भाडेकरार आणि न झालेल्या सहलींची छायाचित्रे पुरवणारे भेटतात. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे अर्जात लबाडी आढळल्यास दहा वर्षे दार बंद होऊ शकते, हे तो दलाल सांगत नाही. खऱ्या संसारालाही खोटा कागद बुडवू शकतो.

तेव्हा सरकारने काही साध्या गोष्टी कराव्यात. वीजखात्याने आणि पंचायतींनी पत्नीचे नाव पतीच्या बरोबरीने नोंदवून घ्यावे, आणि त्यासाठी साऱ्या भाऊबंदांचे ना-हरकत दाखले मागू नयेत. पंचायतीचा वास्तव्याचा दाखला घरातील प्रत्येक प्रौढाला स्वतंत्रपणे मिळावा. पहिली सही झालेल्या जोडप्यांना दुसऱ्या सहीची आठवण देणारी सूचना निबंधकांनी घरी पाठवावी. अनिवासी गोमंतकीयांसाठी सरकारने थाटलेल्या कार्यालयात या कागदांची माहिती मराठी-कोंकणीतून फुकट मिळावी. आणि लेकीला परदेशी देणाऱ्या आईबापांनी मुहूर्त धरतानाच दुसऱ्या सहीची तारीखही धरावी, आणि तिचा पासपोर्ट व दाखले तिच्याच पेटीत द्यावेत, सासऱ्याच्या कपाटात नव्हेत.