ओढणाऱ्याने मागे पाहावे

गळीत हंगाम सुरू झाला की दरवर्षी वर्तमानपत्रात एक फोटो येतो. कारखान्याच्या आवारात उसाने भरलेली ट्रॉली उभी आहे, तिच्या मागे कोणी अधिकारी, दोन-तीन संचालक आणि एक वाहतूक पोलीस उभे आहेत, आणि सगळे मिळून एकच चकाकती पट्टी चिकटवत आहेत. दहा हातांना एक पट्टी! खाली ओळ असते की ऊस वाहतूक सुरक्षित व्हावी म्हणून रिफ्लेक्टर बसवण्याची मोहीम घेण्यात आली. चांगली गोष्ट आहे. पट्टी लावूच नका असे कोणी म्हणणार नाही. पण मला त्या ट्रॉलीचे पुढचे टोक पाहायचे असते आणि ते फोटोत कधीच येत नाही. पुढे एक ट्रॅक्टर असतो, त्यावर वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा असतो, आणि त्या ट्रॅक्टरला बहुतेक वेळा आरसा नसतो. असला तर एकच, आणि तोही आकाशाकडे तोंड केलेला.

माझे म्हणणे काय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवाल. पट्टी मागून येणाऱ्याला सांगते, "बाबा रे, तू सांभाळ." आरसा ओढणाऱ्याला सांगतो, "तू सांभाळ." पहिली गोष्ट आपण हारतुरे घालून करतो. दुसरी करतच नाही. आणि मग अपघात झाला की मागून येऊन धडकलेल्या मोटारसायकलवाल्याच्या वेगाची चर्चा करतो.

आता दापोडीत राहणाऱ्या बाईला उसाचे काय पडले आहे, असे आमच्या घरातच विचारले गेले. सांगते. कासारसाई-दारुंब्रेचा संत तुकाराम कारखाना इथून फार लांब नाही. हिंजवडी, मारुंजीकडे ज्यांची पोरे संगणकाच्या कंपन्यांत कामाला जातात त्यांना विचारा, हिवाळ्यात संध्याकाळी त्यांच्या गाडीपुढे काय असते ते. चाकण-शिक्रापूर रस्त्यावर तर कंपन्यांचे कंटेनर आणि उसाच्या ट्रॉल्या एकाच अरुंद पट्ट्यातून चाललेल्या असतात. आणि ऊस सोडा. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये पाण्याचा टँकर ट्रॅक्टरलाच जोडलेला असतो, घर पाडले की राडारोडा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतूनच जातो, आणि गणपतीही ट्रॅक्टरवरूनच घाटावर जातात. म्हणजे ओढणारे एक वाहन आणि ओढले जाणारे दुसरे, ही जोडी बारा महिने आपल्या दारावरून जात असते.

या जोडीतली अडचण साधी आहे. मागचे वाहन पुढच्यापेक्षा रुंद आणि उंच असते. त्यात उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबत असतात. नवीन ट्रॅक्टरबरोबर आरसा येतो, पण तो ट्रॅक्टरच्या अंगाबरोबर बसवलेला असतो. मागे ऊस भरला की त्या आरशात फक्त ऊस दिसतो. आणि बहुतेक ठिकाणी एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या असतात. म्हणजे चालकाच्या पाठीमागे बारा-पंधरा मीटर लांबीची एक भिंत चालत असते आणि भिंतीपलीकडे काय आहे याचा त्याला पत्ता नसतो.

यावर उत्तरे ठरलेली आहेत. एक एक घेऊ.

पहिले उत्तर: "त्याला मान आहे की, वळून बघतो." वळून काय बघणार? तीच भिंत. शिवाय तो वळून बघतो तेवढा वेळ पुढे कोण बघतो?

दुसरे उत्तर: "मागचा हॉर्न वाजवतो, कळते." ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आवाज आणि त्यावर मोठ्या कर्ण्यांतून लावलेली गाणी, यातून ज्याला स्कूटरचा हॉर्न ऐकू येतो त्याच्या कानांना माझा नमस्कार.

तिसरे उत्तर: "रिफ्लेक्टर आहे ना!" रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो, मागच्याच्या दिव्याचा उजेड तो परत पाठवतो. चिखल बसला, वरून पाचट लोंबले, किंवा मागच्या गाडीचा दिवा मिणमिणता असला की संपले. आणि दिवसाढवळ्या ट्रॉली अचानक डावीकडे वळली तर पट्टी काय करणार? वळणावर ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूला कापत जातात. दुसरी ट्रॉली त्याहून आत जाते. डावीकडून घुसलेला सायकलवाला किंवा स्कूटरवरची बाई नेमकी त्याच जागेत असते. त्या वेळी पट्टी तिच्या मागच्या लोकांना चमकून दिसते, तिच्या कामाची नसते. तिला वाचवू शकतो तो फक्त पुढे बसलेला माणूस, आणि तोही वळायच्या आधी त्याला ती दिसली तर.

मागे पाहणे हा काही आजचा शोध नाही. डोरोथी लेविट नावाच्या इंग्रज बाई मोटार शर्यतीत भाग घेत. १९०९ साली बायकांसाठी मोटार चालवण्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी सल्ला दिला, की गाडीत एक हातआरसा ठेवा आणि मधून मधून तो वर धरून मागचे पाहा. पुरुष मंडळींनी दोन वर्षांनी हा धडा गिरवला. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या पहिल्या शर्यतीत बाकीच्या गाड्यांत मागचे सांगायला एक मेकॅनिक शेजारी बसलेला, आणि रे हॅरून हा गडी एकटा. लोकांनी तक्रार केली की हा मागचे पाहणार कसे? त्याने गाडीला आरसा लावला आणि शर्यत जिंकली.

आपल्याकडे एसटीने तर मागे पाहायला आख्खा माणूस ठेवला. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) धावली, तेव्हापासून कंडक्टरची घंटा आणि शिट्टी हा आपल्या कानांचा भाग झाला आहे. दोन घंटा, चला. गाडी मागे घ्यायची असली की कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहतो आणि शिट्टी वाजवतो. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आमच्या दापोडीतच आहे, म्हणून हे मी थोड्या अभिमानाने सांगते. मोठे वाहन चालवणाऱ्याला मागचे दिसत नाही, तेव्हा त्याची व्यवस्था वाहन चालवायला देणाऱ्याने करायची असते, एवढे शहाणपण आपल्या राज्यात इतक्या वर्षांपासून आहे. ते ट्रॅक्टरपर्यंत पोचले नाही, इतकेच.

आमचा एक भाचा इंग्लंडात असतो. (वाचतो आहेस ना रे?) तो सुट्टीत मोटारीला घरगाडी, म्हणजे कॅराव्हॅन, जोडून फिरायला जातो. त्याने पाठवलेल्या फोटोत मोटारीच्या आरशांना कान फुटल्यासारखे लांब आरसे लावलेले दिसले. विचारले तर म्हणाला, मावशी, मागची गाडी मोटारीपेक्षा रुंद असेल तर असे आरसे लावावेच लागतात, नाहीतर हजार पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन गुण. सुट्टी संपली की ते काढून ठेवतो. म्हणजे वर्षातून दोन आठवडे मौजेसाठी ओढणाऱ्याला तिथे सक्ती, आणि इथे चार-पाच महिने रात्रंदिवस टनावारी ऊस ओढणाऱ्याला काही नाही! आपल्या सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. उद्या आपल्याकडेही हौशी लोक अशा गाड्या ओढू लागतील आणि त्यांना लांब आरसे लागतील. लागोत बापडे. पण पोटासाठी ओढणाऱ्याचा नंबर आधी लागायला हवा.

आता आरसा कसला असावा. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण "आरसे लावले होते, टिकत नाहीत" हे चौथे उत्तर मला सर्वांत जास्त ऐकावे लागले, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. पण टिकत नाहीत ते चुकीचे आरसे.

एक, तो मागच्या भाराच्या रुंदीच्या बाहेर यायला हवा. यासाठी लांब दांडी लागते, आणि दोन्ही बाजूंना लागते. उजवीकडचा ओव्हरटेक करणाऱ्यासाठी, डावीकडचा वळणासाठी.

दोन, काच कोणती? नववी-दहावीच्या विज्ञानात शिकवतात तेच इथे उपयोगी पडते. सपाट आरशात वस्तू खऱ्या आकाराची दिसते पण दिसणारा पट्टा अरुंद असतो. बहिर्वक्र आरशात पट्टा रुंद दिसतो पण वस्तू लहान, म्हणून लांब वाटते. अनेक मोटारींच्या आरशावर इंग्रजीत छापलेलेच असते, की दिसते त्यापेक्षा वस्तू जवळ आहे. मोठा आरसा सपाट किंवा अगदी कमी फुगीर घ्यावा आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहान गोल बहिर्वक्र आरसा चिकटवावा. मोठ्यात अंतर कळते, लहानात चाकाजवळचे माणूस दिसते.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, तो हलता कामा नये. वर सांगितलेल्या हॅरूनचा आरसा विटांच्या त्या रस्त्यावर इतका थरथरत होता, की त्यात फारसे काही दिसलेच नाही, असे त्याने नंतर स्वतःच सांगितले. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना तर स्प्रिंगही नसते, सगळे हादरे वर येतात. एका बोल्टवर लटकवलेला आरसा अर्ध्या तासात मान टाकतो. दांडीला दोन ठिकाणी आधार हवा, एक मडगार्डला आणि एक छताच्या पाइपाला. मध्ये रबराचा वायसर आणि नायलॉनची कडी असलेला नट, जो हादऱ्याने सैल होत नाही.

चार, धक्का लागला तर तो मोडण्याऐवजी दुमडायला हवा. कारखान्याच्या आवारात गाड्या तासन् तास एकमेकींना खेटून उभ्या असतात, बहुतेक आरसे तिथेच फुटतात. सांध्यावर दुमडणारी दांडी घ्यावी आणि आरसा बारीक साखळीने बांधून ठेवावा, म्हणजे निसटला तरी कोणाच्या अंगावर पडणार नाही.

किंमत? भोसरीकडे सुट्या भागांच्या एका दुकानात विचारून आले. अशी जोडी दांड्यांसकट हजाराच्या आसपास पडते, वेल्डिंगवाल्याचे थोडे वेगळे. ट्रॅक्टरच्या मागच्या एका टायरच्या किमतीत अशा वीसेक जोड्या येतील. तेव्हा "परवडत नाही" हे पाचवे उत्तर मी तरी ऐकून घेणार नाही.

पण परवडत नाही कोणाला, हे मात्र विचारायला हवे. चालक पोरगा मजुरीवर असतो. ट्रॅक्टर त्याचा नाही, ट्रॉली त्याची नाही, ऊस त्याचा नाही. आरसा फुटला तर तो स्वतःच्या खिशातून का आणेल? आणि अपघात झाला की गुन्हा मात्र त्याच्यावर दाखल होतो. म्हणून मी त्या पोराला दोष देत नाही. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची तशीच ही पोरे आहेत. दोष आहे तो त्याला आंधळे करून रस्त्यावर सोडणाऱ्यांचा.

आणि इथेच उपाय सोपा आहे. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, त्याला उचल देतो आणि टनामागे, अंतराप्रमाणे भाडे देतो. त्या करारात एक ओळ घाला: भाराच्या बाहेर येणारे दोन आरसे असल्याशिवाय वाहन स्वीकारले जाणार नाही. पहिली जोडी कारखान्याने द्यावी, हवे तर उचलीतून कापून घ्यावी. तपासणार कोण, असे विचाराल. उसाची प्रत्येक गाडी वजनकाट्यावरून जाते. एक किलो ऊस काट्यातून सुटत नाही, मग आरसा कसा सुटेल? काट्यावरच्या माणसाने मान वर करून पाहायचे, बस. साखर आयुक्तालय दरवर्षी गाळपाचे परवाने देते, त्यांनी ही अट घातली तर राज्यभर एका हंगामात आरसे लागतील. शिवाजीनगरच्या साखर संकुलात बसून हे करता येते, रस्त्यावर उतरून पट्टी चिकटवायचीही गरज नाही.

टँकरचे तर त्याहून सोपे. तिथे गिऱ्हाईक आपणच आहोत. सोसायटीच्या सेक्रेटरीने टँकरवाल्याला सांगावे, दोन्ही बाजूंना आरसे नसतील तर फाटक उघडणार नाही. आणि टँकर मागे घेताना वॉचमनने एसटीच्या कंडक्टरसारखे मागे उभे राहून शिट्टी वाजवावी, कारण बाजूचे आरसे कितीही चांगले असले तरी टँकरच्या थेट पाठीमागे खेळणारे पोर त्यांत दिसत नाही. याला ना कायदा लागतो ना परवाना.

आपल्या नात्यागोत्यात ट्रॅक्टर असलेली घरे कमी नाहीत. नावे घेत नाही, तुमची तुम्हाला माहीत आहेत. दसऱ्याला त्या ट्रॅक्टरला हार घालता, चाकाखाली लिंबू ठेवता, पुढे मोठ्या अक्षरांत आईवडिलांची कृपा लिहून घेता. यंदा त्याबरोबर आरशांची एक जोडीही आणा. आणि लावल्यावर मागे ट्रॉली भरून, चालकाला त्याच्या जागेवर बसवून, कोणालातरी ट्रॉलीच्या डाव्या चाकाजवळ उभे करा आणि विचारा, "दिसतोय का?" तो "हो" म्हणेपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका.