खाते तिच्या नावाचे

दरवर्षी ८ मार्च उजाडला की बँकांच्या शाखांमध्ये महिला ग्राहकांचे गुलाबपुष्प देऊन स्वागत होते. या कौतुकात एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बँकेचे दार स्त्रीसाठी प्रगत म्हणविणाऱ्या देशांतही फार उशिरा उघडले. समतेची घोषणा जगाला देणाऱ्या फ्रान्समध्ये पतीच्या संमतीवाचून स्वतःचे खाते उघडण्याचा अधिकार विवाहितेला मिळाला तो १९६५ च्या कायद्याने. अमेरिकेत कर्ज देताना स्त्री-पुरुष किंवा विवाहित-अविवाहित असा भेद करण्यास १९७४ मध्ये मनाई झाली. तोवर स्त्रीच्या अर्जावर पतीची सही मागितली जाणे यात तेथे कोणाला वावगे वाटत नसे.

भारतातील एक प्रकरण तर बँकिंग क्षेत्रातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी पतीसमवेत, अल्पवयीन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बाँड घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून आईने सही करावी, हे उभयतांनी ठरविले होते. तरीही पित्याची सही मागण्यात आली. कारण १९५६ च्या कायद्यानुसार नैसर्गिक पालक पिता आणि त्याच्या ‘नंतर’ माता. अखेर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ‘नंतर’ याचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा नाही. पित्याच्या अनुपस्थितीत, इतकेच नव्हे तर उभयतांच्या संमतीनेही, माता पालक ठरू शकते. कायद्यातला एक शब्द, पण त्याचा अर्थ लागायला स्वातंत्र्यानंतर अर्धशतक उलटावे लागले!

त्यानंतरची प्रगती नाकारता येणार नाही. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०११ मध्ये जगातील ४७ टक्के प्रौढ स्त्रियांचे खाते होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ७४ टक्क्यांवर गेले. भारतात २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेच्या खातेदारांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. मात्र त्याच २०२१ च्या पाहणीत भारतातील सुमारे ३५ टक्के खाती वर्षभर वापराविना पडून असल्याचे आढळले आणि त्यांत स्त्रियांच्या खात्यांचे प्रमाण अधिक होते. खाते तिचे, पण त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक मुलाचा आणि एटीएम कार्ड पतीच्या खिशात, हे चित्र शाखेतील कोणत्याही कर्मचाऱ्याला नवे नाही. अशा खात्यात अनुदान जमा होते खरे. ते जमा झाल्याचे तिला इतरांकडून कळते.

याहून अवघड प्रश्न मालमत्तेचा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही दूर केली. पण वडिलांचे दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते. सही केली तर साडीचोळी आणि शाबूत राहिलेले माहेर. न केली तर भाऊबीजही बंद. त्या सहीला स्वखुशी म्हणणे हे कागदापुरतेच. या सहीची किंमत पुढे बँकेत कळते. बचत गटाचे छोटे कर्ज तिला विनातारण मिळते आणि ते ती फेडतेही. परंतु पापडाच्या उद्योगासाठी गाळा घ्यावा, यंत्र बसवावे असा मोठा विचार केला की तारणाचा रकाना समोर येतो. घर पतीच्या नावे आणि शेत भावाच्या!

कुटुंबाच्या चौकटीत शिरणे बँकेचे काम नव्हे, असे काहीजण म्हणतील. पण खात्यावर मोबाईल क्रमांक नोंदविताना तो कोणाचा, हे खातेदार स्त्रीलाच विचारणे, तिच्या ठेवीची मुदत संपल्याची सूचना तिलाच देणे आणि गृहकर्जाच्या वेळी घर दोघांच्या नावे करता येते हे पती-पत्नी दोघांसमोर सांगणे, एवढे तर शाखेच्या अखत्यारीत नक्कीच आहे. त्यासाठी ८ मार्चची वाट पाहावी लागत नाही.