खिट्टीसुद्धा थरथरते

फुकटच्या शक्तीचा मोह मनुष्यास फार जुना आहे. इंधनावाचून चालणाऱ्या चक्रांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आणि मोठ्या यंत्रांच्या बाबतीत आता विचारी माणूस सहसा फसत नाही. परंतु रेणूंएवढ्या सूक्ष्म यंत्रांचा विषय निघाला, की जाणतेही क्षणभर थबकतात. आणि तेथे त्यांची शंका रास्तच असते. तीच आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१८२७ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागांतील सूक्ष्म कण पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो ते अखंड थरथरताना दिसले. पाण्याचे असंख्य रेणू त्यांच्यावर चहूबाजूंनी आदळत असतात, हे त्याचे कारण १९०५ साली आइन्स्टाइनने गणिताने मांडले आणि पुढे झां पेरँने प्रयोगांनी पडताळून दाखविले. या धडपडीला रात्रंदिवस विसावा नाही. मग ती एखाद्या यंत्रास जुंपली तर?

येथे ऊष्मागतिकीचा दुसरा नियम आडवा येतो. पेल्यातल्या चहाची उष्णता खोलीत पसरते. खोलीतील उष्णता आपण होऊन पेल्यात परतत नाही. सर्वत्र एकच तापमान असेल, तर तेथली उष्णता घेऊन अखंड काम करीत राहणारे यंत्र बनविता येत नाही, असे हा नियम बजावतो.

पण युक्तिबाज मन एवढ्याने गप्प बसत नाही. घड्याळाला किल्ली देताना कट्‌कट् आवाज होतो, तो आतील दातेरी चक्राचा आणि त्यावर टेकलेल्या खिट्टीचा. तिरप्या दात्यांवरून खिट्टी पुढे सरकू देते, मागे मात्र अडवते. असेच एक चक्र रेणूंएवढे लहान करावे. रेणूंचे धक्के दोन्ही बाजूंनी बसोत. मागचे धक्के खिट्टी अडवील, पुढचे जाऊ देईल आणि चक्र फिरत राहील! युक्ती इतकी सरळ आहे, की तीत खोट कोठे आहे हे चटकन सापडत नाही.

ती खोट पोलिश शास्त्रज्ञ मारियान स्मोलुखोव्स्की याने १९१२ साली दाखविली आणि १९६० नंतरच्या दशकात रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या व्याख्यानांतून ती सर्वतोमुखी केली. एका रेणूच्या धक्क्याने उचलली जावी, इतकी हलकी खिट्टी असावयास हवी. पण इतकी हलकी खिट्टी स्वतः तरी स्थिर कशी राहणार? तीही त्याच उबेत थरथरते, मधूनच आपोआप उचलली जाते आणि तेवढ्यात चक्र मागे घसरते. हिशेब मांडला, तर जितके पुढे तितकेच मागे. खिट्टीकडची बाजू थंड ठेवली, तर चक्र फिरेल खरे. पण मग ते साधे उष्णतेवर चालणारे इंजिनच झाले.

हा केवळ कागदी युक्तिवाद राहिला नाही. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजात टी. रॉस केली व त्यांचे सहकारी यांनी तीन पात्यांचे चक्र आणि खिट्टी असलेला रेणू प्रत्यक्ष घडविला. १९९७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ते चक्र दोन्ही दिशांना सारखेच फिरते. पुढे १९९९ साली त्याच मंडळींनी अशाच रेणूला रासायनिक इंधन पुरविले, तेव्हा तो १२० अंश एकाच दिशेने वळला. त्याच वर्षी बेन फेरिंगा यांनी प्रकाशावर चालणारा फिरता रेणू जाहीर केला. झां-पियेर सोव्हाज व फ्रेझर स्टॉडार्ट यांच्यासह त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रांना इंधन म्हणा, प्रकाश म्हणा, काही ना काही मोल मोजावेच लागले.

मग १९९७ च्या कितीतरी आधीपासून आपल्या पेशींत राबणाऱ्या यंत्रांचे काय? कायनेसिन नावाचे प्रथिन ओझे घेऊन पेशीतील तंतूंवरून चालते. त्याचे एक पाऊल मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या हिश्श्याएवढे. पाऊल पुढे पडण्यास रेणूंची धडपड साह्य करते. पण ते मागे फिरू नये, म्हणून दर पावलागणिक एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. चोवीस तासांत माणसाच्या शरीरात स्थूलमानाने त्याच्या स्वतःच्या वजनाइतके एटीपी मोडते आणि पुन्हा जोडले जाते. हे जोडण्याचा खर्च अन्नातून भागतो.

नियमभंगाच्या बातम्याही अधूनमधून येतात. २००२ साली कॅनबेरा येथील शास्त्रज्ञांना प्रकाशकिरणाने धरलेला एक सूक्ष्म मणी सेकंद-दोन सेकंद नियमाच्या उलट वागताना आढळला, तेव्हा नियम मोडल्याचा गवगवा झाला. वस्तुतः हा नियम सरासरीचा आहे. नाणेफेकीत लागोपाठ चार वेळा छाप पडावा तसे क्षणिक अपवाद घडतातच. त्यांची गोळाबेरीज करून नफा मात्र काढता येत नाही.

असो. बाळ पाळण्यात निश्चल निजलेले असते, तेव्हाही त्याच्या देहातील कोट्यवधी खिट्ट्या थरथरत असतात आणि त्यांना योग्य क्षणी धरून ठेवण्यासाठी त्याने प्यालेले दूध कामी येत असते. तो खर्च कायमचा थांबला, की सारे रेणू जितके पुढे तितकेच मागे होऊ लागतात. देहाच्या बाबतीत त्या समतोलाचे नाव मृत्यू. म्हणून फुकटच्या शक्तीचे आश्वासन देऊन कोणी भांडवल मागावयास आलाच, तर वाचकांनी त्यास एवढेच विचारावे: बाबा रे, तुझ्या यंत्रातली खिट्टी कोण धरून ठेवतो, आणि त्याची मजुरी कोण देतो?